पाहून राहिली

धानाचं एक कुसळ... मोबाइलच्या काचेला चिकटलेलं, नेमकं त्या लोखंडी मनोऱ्याच्या टोकावर; कुंताबाई ते नखाने काढायला गेली तर मनोराच सरकला आणि त्याच्या जागी रंगीत फुगे आले, माणसांना टोपल्यांत बसवून आभाळात नेणारे. कुसळ मात्र तिथंच.

सुनेने, रुचिताने, सकाळीच ही चित्रं पाठवली होती. वर लिहिलेलं— मरण्यापूर्वी पाहायलाच हवीत अशी जगातली ठिकाणं. रुचिता साताऱ्याची, नोकरीला बंगळूरला, मनाने चांगली. 'मरण्यापूर्वी' हा शब्द या घराला सध्या जड जाईल, हे तिच्या ध्यानात आलं नसणार. आणि खरं सांगायचं तर जड गेलाही नाही. तेच तर होतं. नवरा, भैयाजी, वैशाखात गेले. भर दुपारी शेतावरून आले, पाणी मागितलं, आणि ती तांब्या घेऊन येईपर्यंत... तेव्हापासून कुंताबाईला काही जडही जात नव्हतं, हलकंही लागत नव्हतं. रडूसुद्धा आलं नाही. बायांनी वाट पाहिली, मग स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून आपापल्या घरी गेल्या.

आज संध्याकाळपर्यंत एक नाव सांगायचं होतं. मुलाला, चंद्रकुमारला, रजा टाकायची होती. आईला बाहेर काढलं नाही तर ती अशीच बसून संपेल, असं तो बायकोला म्हणाला होता आणि बायकोने ते जसंच्या तसं सासूला ऐकवलं होतं. कुठलंही सांगा, फक्त तुमच्या मनातलं सांगा. मनातलं... कुठं जायचं हे कुंताबाईला उभ्या जन्मात कोणी विचारलं नव्हतं. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरायची, रात्रभर नाटकं चालणारी जत्राच ती, आणि यंदा कोणत्या गावच्या मंडईला जायचं ते भैयाजी ठरवायचे, नाटक कुठलं चांगलं त्यावर. ती लुगडं बदलून गाडीवर मागे बसायची. चालते, म्हणायची. मघाशी शेजारची वच्छला विचारून गेली, मंडईला येतेस का म्हणून. चालते, म्हटलं. आणि मन नसेल तर राहू दे, असं वच्छला म्हणाली, तर तेही चालते. वच्छला तोंडाकडे पाहत उभी राहिली आणि मग निघून गेली.

अंगठा सरकत होता. धबधबा. डोंगरात कोरलेलं शहर. मग एक पांढरं— मिठाचं मैदान, कुठल्या तरी लांबच्या देशातलं, नजर जाईल तिथवर पांढरं, ना झाड, ना बांध, ना माणूस. इथं काही करायला नको, हे तिला बरं वाटलं... बरं असंही नाही. अंगठा थांबला, एवढंच. कापलेल्या बांधीत निदान धानाचे बुडखे तरी उरतात. इथं तेही नाही. मी इथं जाऊन उभी राहिले तर दिसेन का कोणाला?

फोन वाजला.

"आई, जागा ठरली का?"

"ते पांढरी हाय ना, मिठाची... तेच पाहून राहिली मी."

पलीकडे रुचिताचा आवाज भरून आला. "पाहायची राहिली? अहो आई, मग इतके दिवस बोलला का नाहीत? आम्ही नेतो तुम्हाला. मी ह्यांना आत्ताच सांगते."

फोन बंद झाला. पाहून राहिली म्हणजे पाहते आहे— इकडे झाडीपट्टीत पोरंसोरंही असंच बोलतात. साताऱ्याच्या पोरीने त्यातलं 'राहिली' तेवढं उचललं आणि सासूच्या गळ्यात जन्माची इच्छा बांधून मोकळी झाली. कसली इच्छा? आता विमान, मग मिठावर उभं करून फोटो, थोडं हसा आई, इकडे बघा आई...

नको.

स्वतःच्याच आवाजाने ती दचकली. चालते नव्हे. नको. मले नाही जाचं तिथं. वैशाखापासून पहिल्यांदा काहीतरी नको झालं होतं, आणि राग आला होता, चांगला सणसणीत. कान गरम झाले होते. तिने रुचिताचा नंबर काढला. बाई, तसं नाही म्हटलं मी, एवढंच तर सांगायचं होतं. पण बोट नंबरावर टेकेना. तिला भीती वाटायला लागली. नको म्हणता आलं म्हणजे आता हवंही सुरू होणार. आणि ते एकदा सुरू झालं की सगळ्यांत आधी भैयाजी हवे होणार.