घरात एकच नाव

अमरसिंहानं लाथ घातली ती बोक्याला, पण लागली बायकोच्या बरगडीत, कारण द्वारकाबाई मध्ये पडली. बोका टुणकन उडी मारून सोयाबीनच्या पोत्यावर गेला. द्वारकाबाई बरगडी दाबून चुलीपुढंच बसली.

बोका घरात येऊन चारच दिवस झाले होते. उंदरांनी पोती कुरतडून चाळण केली, म्हणून तिनं भूमच्या बाजारातून येताना त्याला पिशवीत घालून आणला होता. पिवळाजर्द, मानेचा दांडगा. सासू सारजाबाई त्याला मन्या म्हणा म्हणायची, लेक हर्षाली टायगर म्हणायची. त्या सकाळी तोच वाद रंगला आणि चहाला उशीर झाला. अमरसिंहाला एवढं निमित्त पुष्कळ होतं. पोळ्याच्या दिवशी कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून त्या दांडगेश्वरानं बायकोचा अंगठा मोडला होता. तो वाकडा बसला तो बसलाच.

"मांजराची बारशी करताव व्हय गं?" त्यानं खुंटीवरचा कासरा ओढला. "ह्या घरात एकच नाव चालतं. माजं! दुसरं नाव काडलं तर एकेकीची मुंडी मुरगाळीन."

कासऱ्याचे चार वळ पाठीवर उठवून तो रानात निघून गेला. भिंतीपलीकडच्या कडूबाईनं सगळं पाहिलं आणि नेहमीसारखी मान फिरवली.

द्वारकाबाई पाठीला हळद लावून घेत होती. वीस वर्षं झाली लग्नाला. हळदीच्या अंगानं उखाण्यात एकदा घेतलं असेल तेवढंच नवऱ्याचं नाव. नंतर कधी जिभेवर आलं नाही. दवाखान्यात अंगठ्याला पट्टी बांधताना नर्सनं नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हाही तिनं हर्षालीकडं बोट केलं होतं. सासूनं तर सासरे आण्णासाहेब गेल्यावरही त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला आईनं शिकवलं होतं. आज पहिल्यांदा तिला वाटलं, होईना का कमी!

तेवढ्यात बोक्यानं दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं.

"अमरसिंह," ती हळूच म्हणाली. आभाळ काही कोसळलं नाही. मग तिनं छाती भरून श्वास घेतला. "आरं ए अमऱ्या, मुडद्या! दुधातनं थोबाड काड, न्हायतर टाळकं शेकीन!"

हर्षालीच्या हातातली ताटली खाली पडली. कडूबाई भिंतीवरून निम्मी अलीकडं आली. "आगं बया! नाव घेतलंस?"

"बोक्याचं घेतलं. त्येंनीच सांगून ठिवलंय, ह्या घरात एकच नाव चालतं."

कडूबाईच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पारावरची माणसं अमरसिंहाला विचारू लागली, "काय अमरसिंह, आज किती उंदरं मारली?"

तो पारावरून उठला तो तडक घरी आला. द्वारकाबाई अंगणात धुणं धूत होती. तिच्याकडं बघितलंही नाही त्यानं. उन्हात झोपलेला बोका मानगुटीला धरून उचलला आणि धुण्याच्या दगडावर आपटायला हात वर नेला.

"सोडा त्येला!"

"आदी ह्यो, मग तू!"

आज बोका मेला तर उद्या आपण, हे तिला उन्हासारखं लख्ख दिसलं. तिच्या हातात धोपाटणं होतं. वीस वर्षं त्यानं याच माणसाचे कपडे बडवले होते. तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज भिंतीपलीकडं गेला. बोका सुटला, आणि सुटता सुटता त्यानं अमरसिंहाच्या गालावर चार नखं ओढली. रक्त मिशीतून हनुवटीवर उतरलं.

त्यानं डाव्या हातानं तिचा गळा धरला. तिनं दुसरा तडाखा गुडघ्यावर दिला.

"अमरसिंह! खाली बस!"

तो बसला. कळवळत, धुण्याच्या पाण्यात, मनगट छातीशी धरून. "कुणाला... कुणाला म्हनलीस?"

"तुलाच म्हनले. त्येला कशाला म्हनू? त्यो गुणाचा हाय." धोपाटणं तिनं खाली ठेवलं नाही. "फिरून हात उचलला तर दुसरं मनगटबी न्हाय राहायचं."

सारजाबाई उंबऱ्यातून उठून आली. आता म्हातारी पोरासाठी ऊर बडवणार, सुनेला शिव्याशाप देणार, म्हणून कडूबाई भिंतीला चिकटून उभी राहिली. हर्षालीनं आईचा पदर घट्ट धरला.

सारजाबाईनं पोराकडं बघितलं. त्याच्या बापाला जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण त्यानं फोडलेला तिचा कान अजून बहिराच होता. ती सुनेजवळ आली.

"द्वारके, आनखी एखादा बोका घावंल का गं?"

"कशाला, आत्या?"

"मलाबी पाळायचाय," म्हातारी म्हणाली. आधी तिचे ओठ नुसतेच हलले. मग तिनं सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आण्णासाहेब ठिवीन म्हनते नाव."