बेल क्रीकमध्ये कोणी मान हलवत नाही

बेल क्रीकमध्ये माइकसमोर कोणी बोलायला उभं राहिलं की सगळं गाव पुतळा होतं. नाकावर माशी बसली तर बसू द्यायची. गुरांच्या लिलावात नुसती मान हलली तरी ती बोली धरतात, आणि असल्या किरकोळ हालचालींपायी इथल्या प्रत्येक घराने कधी ना कधी नको ते जनावर दारात आणलेलं आहे. नववीतल्या ट्रेंटच्या आजोबांनी एक शिंक दिली आणि बैल आला. बैल स्वभावाने बरा निघाला, एवढंच.

हे न्यू जर्सीहून आलेल्या मिस डेलुकांना कोण सांगणार? हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे नववीला, वक्तृत्व सक्तीचं. ते शिकवायला त्या आल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "समोरच्यांत मान डोलवणारा एक चेहरा शोधायचा आणि त्याच्याशी बोलायचं." वर्गातल्या एकाचीही पापणी लवली नाही. पोरं आपला द्वेष करतात, अशी मिसची खात्री पटली.

मग त्या हौसेने लिलाव बघायला गेल्या. मिसना हातवारे केल्याशिवाय वाक्य पूर्ण करता येत नाही. शेजारणीला आपल्या आईचा टोमॅटो सॉस समजावता समजावता त्यांनी एका डोळ्याचा मेंढा विकत घेतला.

"अहो, मी सॉस ढवळत होते!"

"ढवळलात ना? मग झालं," वर्गातल्या मार्लिसचे बाबा म्हणाले आणि त्यांनी हातोडा आपटला. बेल क्रीकमध्ये लागलेली बोली परत घेत नाहीत. मेंढा मिसच्या अंगणात राहायला आला.

मार्लिसचे बाबा, लायल, लिलाव पुकारायचे. एका श्वासात अख्खा कळप विकायचे. मात्र 'तीन वार' म्हणण्याआधी एक श्वास जास्त थांबायचे. "बाहेर कुणी गाडी लावत असेल," म्हणायचे.

वसंतात इथला गुरांचा बाजार बंद पडला आणि बाबा दूर मोंटानातल्या बाजारात कामाला गेले. जाताना म्हणाले, "घडी बसली की येतो." घडी अजून बसायची होती. शनिवारी फोन यायचा.

"हवा कशी आहे, बाबा?"

"वारा आहे."

"इथेपण."

"हं."

एवढ्या शब्दांत त्यांनी पूर्वी कोंबडीही विकली नसती.

मार्लिसची वर्गात वेगळीच पंचाईत होती. घाबरली की ती बाबांच्या चालीत सुटायची. दात घासण्यावरचं भाषण तिने असं सुसाट म्हटलं की मागच्या बाकावरच्या पोरांनी हात मांडीखाली दाबून धरले.

"थांब, श्वास घे," मिस म्हणाल्या. "गप्प राहण्याची एवढी भीती कसली?"

"मिस, आमच्याकडे बोलणारा गप्प झाला की जनावर विकलं गेलेलं असतं."

सत्राअखेर पालकांसमोर भाषण होतं: श्रोत्यांचं मन वळवा. मार्लिसने बाबांच्या फोनवर निरोप ठेवला, "शुक्रवारी ये. मान हलवलीस तरी चालेल." उत्तर आलं, "बघतो." 'बघतो'चा अर्थ त्या घरात आजवर कुणाला लागला नव्हता.

शुक्रवारी तिने मागच्या रांगेतली एक खुर्ची अडवली आणि तिच्यावर बाबांची जुनी टोपी ठेवली. तिची पाळी आली तेव्हाही तिथे टोपीच बसली होती.

जेवणाची सुट्टी वाढवा, असा तिचा विषय होता. पहिलं वाक्य नीट गेलं. मग तिने दाराकडे पाहिलं आणि गाडी घसरली.

"आमच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओकच्या लाकडाची खिडकीजवळची, डावा पाय डुगडुगता पण माणूस पडत नाही, रविवारी दुपारी समोर भाजलेलं मांस बटाटे गाजरं, कोण घेतं, कोण घेतं, एक वार!"

आणि ती थांबली. जन्मात पहिल्यांदा.

खुर्ची कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. आई पर्सच्या चेनकडे बघत बसली.

"दोन वार."

मार्लिसची नजर दारावर. दार बंद. तेवढ्यात पहिल्या रांगेत मिसनी डोळे पुसायला हात वर नेला, आणि धीर द्यावा म्हणून चांगली दोनदा मानही डोलावली.

सगळं गाव वळून त्यांच्याकडे बघू लागलं.

"मिस," ट्रेंट हळूच म्हणाला, "घेतलीत तुम्ही."

"आता काय घेतलं मी?"

मार्लिसने पुन्हा दाराकडे पाहिलं. ती थांबून राहिली, एक श्वास, आणखी एक, बाबाही कधी थांबले नसते इतकी. मग बारीक आवाजात म्हणाली, "तीन वार."

रविवारी मिस सॉसचं पातेलं घेऊन हजर झाल्या. बाबांच्या खुर्चीत बसून त्या बोलायला लागल्या की तिचा डावा पाय ठकठक वाजायचा. किती दिवसांनी त्या बाजूने आवाज येत होता.

"हिला गुण किती दिलेत?" आईने विचारलं.

"बी ग्रेड. थांबली सुंदर. पण विषय सोडून भलतीकडेच गेली."

"आमच्याकडे त्यालाच घरी येणं म्हणतात," आई म्हणाली आणि तिने मांसाचं ताट पुढे सरकवलं. "मार्लिस, घे ना. गार होतंय."

मार्लिसने काटा उचलला होता, पण तो तिने तोंडाशी नेला नाही. बाहेर गाडी लागल्यासारखा आवाज झाला. वाराच असणार.

"घेते, आई," ती म्हणाली. "एक श्वास थांब."