आधी तिला टोचा

मित्रांनो, मी रुग्णवाहिकेतला रक्त तपासणारा एक जुना मीटर आहे. आकाराने जेमतेम साबणाच्या वडीएवढा. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि एक बटण दोनदा दाबावं लागतं.

कारखान्यात मला एकच काम शिकवलं. शरीर आतून खचू लागलं, की रक्तात एक आम्ल साचतं. माणूस वरून ठीक दिसतो, बोलतो, हसतोसुद्धा. आम्ल मात्र लपत नाही. बोटावरचा थेंब पट्टीला लागला, की मिनिटभरात मी आकडा सांगतो. दोनच्या आत असला तर ठीक, चारच्या वर गेला तर धोका.

रुग्णवाहिकेत माझं फारसं कौतुक झालं नाही. चालककाका मला 'खेळणं' म्हणत. एकदा मला उन्हाने तापलेल्या गाडीच्या काचेपाशी विसरले आणि मी भलताच आकडा दाखवला. तेव्हापासून तर माझ्यावर कुणाचा भरवसाच उरला नाही. फक्त डॉक्टरबाई मला रोज पुसत, पट्ट्यांची तारीख बघत.

एका दुपारी शिवणकामाच्या दुकानातून बोलावणं आलं. दोन बहिणी ते दुकान चालवत. थोरली चक्कर येऊन स्टुलावरून पडली होती, पाय मुरगळला होता, आणि ओरडून ओरडून तिने गल्ली डोक्यावर घेतली होती. धाकटी पिशवी घेऊन गुपचूप गाडीत बसली.

डॉक्टरबाईंनी सुई काढताच थोरलीने हात पाठीमागे लपवला.

"मला नाही टोचून घ्यायचं! आधी तिला टोचा."

"अगं ताई, लहान आहेस का?" धाकटी हसली. "टोचा हो मला. हिचं समाधान तरी होईल."

डॉक्टरबाईंनी टोचलं. मी मोजलं. ६.१.

माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

"बिघडलं वाटतं खेळणं," काका पुढून म्हणाले.

डॉक्टरबाईंनी धाकटीचं दुसरं बोट स्वच्छ पुसलं, नवी पट्टी घातली. ६.३. मग थोरलीला टोचलं. ती ओरडायचंही विसरली. १.२.

"मावशी, खरं सांगा. तुम्हाला काय होतंय?"

धाकटी खाली बघत म्हणाली, "तीन दिवस पोट दुखतंय. पण शाळेचे गणवेश द्यायचे होते. आणि ताई लगेच घाबरते."

डॉक्टरबाईंनी पोटाला हात लावला. ते फळीसारखं कडक झालं होतं.

थोरली एका पायावर उड्या मारत स्ट्रेचरवरून उतरली. "शहाणे, ये इथे. आडवी हो," एवढंच म्हणाली आणि बहिणीची पिशवी तिने स्वतःच्या मांडीवर घेतली.

डॉक्टरबाईंनी रुग्णालयात फोन केला. काकांनी भोंगा लावला. दारातच सर्जन उभे होते. धाकटीच्या आतड्याला छिद्र पडलं होतं. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली आणि ती वाचली.

महिन्याभराने दोघी भेटायला आल्या. थोरलीने मला तळहातावर घेतलं आणि माझ्या तडकलेल्या काचेवरून बोट फिरवलं. "जपून हं, आमचा मीटर आहे तो," काका म्हणाले. मित्रांनो, त्या 'आमचा' शब्दाने मी सुखावलो.

आता माझ्या जागी नवा मीटर येईल. त्याची बॅटरी भरलेली ठेवा, पट्ट्या ताज्या ठेवा. आणि रुग्णासोबत जो गप्प बसून येतो ना, त्यालाही विचारा, "तुझं कसं आहे?" तो पटकन "बरं आहे" म्हणाला, तर पुन्हा एकदा विचारा.