ठाणं बंद, कल्याण चालू

"मॅडम, मेन पाडतोय. पंधरा मिनिटं बॅटरीवर."

कुंडलिक दारातूनच म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता बॅटरी रूमकडे वळले. रचनाने लॅपटॉपवरून मान न उचलता हो म्हटलं. खटका पडला, एसीची घरघर थांबली, पण कपाटांतली यंत्रं तशीच चालू राहिली.

बुधवार होता आणि अकरा वाजले होते. दर बुधवारी अकराला कुंडलिक मोबाइल कंपनीच्या कल्याणच्या या साइटची वीज मुद्दाम बंद करत, सगळा भार बॅटऱ्यांवर टाकत आणि एकेका सेलला मीटर लावून आलेला आकडा खडूने त्याच सेलवर लिहीत. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मोहने गावच्या कारखान्यात ते पंपावर होते. तिथे जादा पंप नुसता उभा ठेवायचा नाही, बुधवारी चालवायचाच, असा शिरस्ता. कारखाना बंद पडला, सवय राहिली. घरातसुद्धा बुधवारचा स्वयंपाक तेच करत. बायको शांताबाई कधी अंथरुणाला खिळल्या तर घर अडू नये म्हणून. शांताबाई तीस वर्षांत दोनदाच आजारी पडल्या, पण बुधवार एकही चुकला नाही.

रचना ही त्यांची मुलगी. साइटवर हे कोणालाही ठाऊक नव्हतं.

ठरवलं होतं ते त्यांनीच. चार वर्षांपूर्वी तिला ठाण्याच्या ऑफिसात इंजिनिअरची नोकरी लागली, तेव्हा ते ठेकेदारामार्फत याच कंपनीच्या बॅटऱ्या सांभाळत होते. "तिथे मी तुझा कोणी नाय. लोकं बोलतील, बापाने चिकटवली," ते म्हणाले होते. "मी बॅटरीवाला, तू मॅडम." रचनाने थोडा वाद घातला. थोडाच. पुढे तिला ते सोयीचं वाटू लागलं, आणि ते सोयीचं वाटतंय हेही तिला कळत होतं.

त्या दिवशी तिचे साहेब महेंद्र सर ठाण्याहून आले होते. कल्याणचं नवं यंत्र तयार झालं होतं, ते बघायला. फोन लावला की तो वाजण्याआधी फोनचं जाळं एक प्रश्न विचारतं, हा नंबर कोणाचा आणि तो आत्ता कुठे आहे. त्याचं उत्तर देणारी यादी ठाण्याच्या नव्या यंत्रात होती आणि तिचीच दुसरी प्रत कल्याणला असायची होती. एक साइट गेली तर दुसरीने उत्तर द्यायचं. ही जोडी जुळवण्याचं काम रचनाचं, म्हणून ती सध्या कल्याणला बसत होती. महिन्याभराने लाखो ग्राहक जुन्या यंत्रांवरून या जोडीवर येणार होते.

पडद्यावर दोन्ही नावांपुढे हिरवे ठिपके होते. हाताचा खडू पुसत कुंडलिक मागे येऊन उभे राहिले. हे काय, म्हणून त्यांनी अदबीने विचारलं, तर महेंद्र सरांनी हौसेने समजावून सांगितलं. ठाणं बंद पडलं तरी कल्याण सांभाळून घेईल, वगैरे.

"ठाणं बंद करून बघितलं का?" कुंडलिकांनी विचारलं.

महेंद्र सर हसले. "काका, हा काय पंप आहे का? हिरवं दिसतंय ना."

"बरोबर आहे साहेब," कुंडलिक म्हणाले, पण नजर रचनाकडे. रचनाही थोडी हसली. सरांच्या बाजूने.

दुपारी सर बाहेर जेवायला गेल्यावरच तिने डबा उघडला. बॅटरी रूममध्ये कुंडलिकांच्या डब्यातही तीच वांग्याची भाजी होती आणि तशीच एका बाजूला जाड, दुसरीकडे फाटलेली भाकरी. दोन डबे शेजारी आले असते तर कोणालाही कळलं असतं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे साइटपुढच्या वळणापलीकडे तिने स्कूटर थांबवली आणि ते मागे बसले. स्कूटर गांधारीच्या रस्त्याला लागली. मग ते म्हणाले, "बंद केल्याशिवाय नाय कळत गं. बॅटरी दिसते भरलेली. लोड दिला की कळतं आत काय आहे."

"पप्पा, घरी जाताना तरी ऑफिस नको."

"बरं," ते म्हणाले. मग शहाडच्या फाटकापाशी त्यांनी भुईमुगाच्या शेंगा घ्यायला लावल्या आणि घरी पोचेपर्यंत अर्ध्या संपवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंडलिक पाणी प्यायला उठले आणि ओट्यापाशीच बसले. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

ऑफिसात रचनाने कळवलं, वडील वारले. महेंद्र सरांनी स्वतः फोन करून धीर दिला, हवी तेवढी रजा घे म्हणाले. ठेकेदाराच्या माणसाने कल्याणच्या हजेरीपटावरून एक नाव कमी केलं. या दोन गोष्टींचा कोणी एकमेकींशी संबंध जोडला नाही. जोडण्यासारखं कोणाला काही दिलेलंच नव्हतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. ती कामावर परतायची त्या दिवशी बुधवार होता. शांताबाई ओट्याकडे निघाल्या तेव्हा रचना आधीच पिठात हात घालून उभी होती. पहिली भाकरी तव्यावर टाकताना फाटली.

"बापासारखीच वाकडी," शांताबाई म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. मग पदर डोळ्यांना लावून तिथेच पाटावर बसल्या. "कर, कर. मी बसते आज."

साइटवर पोचल्यावर तिने महेंद्र सरांना फोन लावला. ठाण्याचं यंत्र तासभर बंद हवंय म्हणाली. सर म्हणाले, ग्राहक यायला आठवडा राहिलाय, कागदांवर सह्या झाल्या, सगळं हिरवं आहे, मग कशाला? "म्हणूनच, सर. अजून कोणाचा फोन त्यावर नाहीये. आजच बघायला हवं," ती म्हणाली. ते कुरकुरत तयार झाले. ठाण्याच्या ऑफिसात चाचणीचे दोन फोन घेऊन तिची सहकारी अक्षदा बसली.

अकरा वाजता अक्षदाने ठाणं बंद केलं.

कल्याणच्या पडद्यावर जोडीदार हिरवाच राहिला. बंद पडलेला जोडीदार हिरवा कसा, हे रचनाच्या मनात येतं न येतं तोच स्पीकरवर अक्षदा म्हणाली, "लागत नाहीये गं. हा नंबरच अस्तित्वात नाही म्हणतोय."

रचनाने कल्याणची यादी उघडली. ती रिकामी होती.

चूक सापडायला दहा मिनिटं लागली. ती तिचीच होती. ठाण्यासाठी केलेली मांडणी तिने कल्याणला उतरवली होती, नावं बदलली होती, एक ओळ सोडून. जोडीदाराचा पत्ता. ठाण्याचा जोडीदार कल्याण, हे बरोबर. पण कल्याणचा जोडीदारही कल्याणच राहिला होता. तयार झाल्यापासून ते यंत्र स्वतःलाच विचारत होतं, आहेस का? आणि स्वतःच सांगत होतं, आहे.

तिने ती ओळ बदलली. अक्षदाने ठाणं पुन्हा चालू केलं. यादीची प्रत कल्याणला येऊ लागली, आकडे भराभर चढू लागले. त्याला पाऊण तास होता. रचना डबा घेऊन बॅटरी रूममध्ये गेली. नवा माणूस अजून आलेला नव्हता. सेलांवर तीन आठवड्यांपूर्वीचे खडूचे आकडे तसेच होते, सातला शेपूट काढलेले. त्यांच्या स्टुलावर बसून तिने भाकरी संपवली. मग मीटर घेतला आणि जुन्या आकड्यांखाली जागा ठेवून आजचे लिहिले.

बारा वाजता ठाणं पुन्हा बंद झालं. या वेळी जोडीदार लाल झाला. लाल ठिपका तिने कधी एवढ्या समाधानाने पाहिला नव्हता.

"वाजतोय," अक्षदा म्हणाली. "रचना, वाजतोय. ऐक." स्पीकरमधून साधी रिंग ऐकू आली. रचनाने ती पूर्ण वाजू दिली.

महेंद्र सर लाइनवरच होते. खाकरून म्हणाले, "वाचलो. आठवड्याने हे झालं असतं तर... अहवालात लिहितो मी. बंद करून बघायचं हे तुझ्या डोक्यातून आलं ना?"

"नाही सर. कुंडलिकांनी सांगितलेलं. तुमच्यासमोरच."

"कोण, आपले बॅटरीवाले काका?" सर ओशाळून हसले. "मीच उडवून लावलं होतं त्यांना. दे बरं त्यांना फोन. आहेत का तिथे?"

रचना उभी राहिली. उघड्या दारातून बॅटऱ्यांची रांग दिसत होती.

"नाहीत," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला. "मी रजेवर होते ना, ती त्यांच्यासाठी. ते माझे वडील, सर."