पलटी केलेलं कापड

"पलटी केलंय म्हणजे?" संघर्षशेठनं गाडीच्या दारावरचा हात काढून घेतला. "काय पलटी केलंय?"

"कापड की," मल्हारी हसत म्हणाला. "मागच्या शिटाचं सगळं कापड पलटी केलं. म्हणून तर एवढं खुललंय."

चाळीस दिवस खपून केलेलं काम मालकाला दाखवताना माणूस हसणारच. पण तो शब्द तोंडातून गेला आणि घात झाला. सीट शिवणाऱ्यांच्या भाषेत पलटी म्हणजे झिजलेलं कापड उसवायचं, आतली बाजू वर घ्यायची आणि पुन्हा शिवायचं. संघर्षशेठचा धंदा टँकरचा. तिकडं पलटी म्हणजे वाटेत चांगला माल काढून विकायचा आणि त्या जागी भलतंच भरायचं. असल्या दोन ड्रायव्हरांना त्यानं स्वतः पोलिसांत दिलं होतं.

नाव बघा, संघर्ष! जमीन आजोबांची, टँकर वडलांचे, स्वतःचा म्हणाल तर डोळ्यावरचा चष्मा. गाडीसुद्धा आजोबांचीच, छप्पन सालची डॉज. दौंडला इनुसच्या गॅरेजात तिचं इंजिन झालं, पत्रा झाला, रंग झाला, आणि आतल्या कापडासाठी इनुसनं शिरूरहून मल्हारीला बोलावून घेतलं. मल्हारीचा जन्म रांजणगावच्या कंपनी बसच्या शिटा शिवण्यात गेलेला. रेक्झिन ताण, स्टेपल मार, चल पुढं. इथं मात्र शिटाला हात लावला आणि त्याला तो मागं घ्यावासा वाटेना. अस्सल लोकर होती. मल्हारी धनगराच्या घरातला. आई वच्छलाबाई घोड नदीच्या काठानं मेंढरं राखता राखता लोकर कातायची. लोकरीचं त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. वरून टक्कल पडलेलं हे कापड आतून अजून जिवंत आहे, हे त्याला बोटांनीच कळलं.

मग काय, बाकी सगळी कामं बाजूला. कापड रिठ्याच्या गार पाण्यात धुतलं, सावलीत वाळवलं. जुन्या मशीनच्या शिवणीची जी भोकं होती त्याच भोकांतून हातानं सुई घातली, नवं एक भोक पाडलं नाही. आजोबांच्या सिगारेटनं जळलेल्या जागी कापडाच्याच कडेचे धागे काढून रफू केलं. रोज एसटीनं यायचं, अंधार पडायच्या आत निघायचं. साठी उलटलेल्या माणसानं हे कशासाठी करावं? आपल्या हातून एकदा तरी असं काम व्हावं, एवढ्यासाठीच.

आणि आता हा संघर्षशेठ मोबाइलमध्ये जुना फोटो काढून उभा. फोटोतलं कापड राखेसारखं फिकट, समोरचं गडद तपकिरी.

आतल्या बाजूला साठ वर्षं ऊन लागलं नाही म्हणून रंग टिकला, असं मल्हारीनं सांगून बघितलं. संघर्षशेठ ऐकून घेत होता, पण चोरीत सापडलेल्या ड्रायव्हरचं ऐकून घ्यावं तसं.

"काका, मला येडं समजू नका," तो शेवटी म्हणाला. "असल्या ओरिजनल कापडासाठी लोक मुंबईहून फोन करतात. ते कुणाला दिलं, तेवढं सांगा."

मल्हारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाला दिलं! हेच ते कापड म्हणून त्यानं सिगारेटच्या जागेवरचं रफू दाखवायला बोट टेकवलं. संघर्षशेठनं वाकून बघितलं, नखानं चाचपलं आणि कुठंय म्हणून विचारलं. रफू दिसेना. खुद्द मल्हारीलाही ते दोनदा शोधावं लागलं. कामात जरा कसर ठेवली असती तर आज तो चोर ठरला नसता.

इनुस मध्ये पडला. तीस वर्षांची ओळख सांगितली, स्वतःच्या गॅरेजच्या नावावर जबान दिली. संघर्षशेठचं एकच म्हणणं, रविवारी पुण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, तिथं परीक्षकांना मी काय सांगू? उसवून दाखवा, म्हणजे विषय संपला.

"उसवतो," मल्हारी म्हणाला. "पर शेठ, जुनं कापड हाय. तिसऱ्यांदा सुई सोसायचं न्हाई."

"उसवा."

मल्हारीनं पिशवीतून पातं काढलं. रागाच्या भरात पातं चालवलं तर कापड फाटलं असतं. म्हणून तो थांबला. चोर म्हणणाऱ्याचं कापड वाचवायला आपण थांबलो, ह्याचाही त्याला राग आला. मग त्यानं फक्त गाठ कापली आणि पाठीच्या डाव्या कोपऱ्यापासून एकेक टाका उचलत, मेण लावलेला दोरा बोटाला गुंडाळत निघाला. जिथून दोरा निघे तिथं कापडाची कड भुगा होऊन सुटत होती. आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर कदाचित भागलंही असतं. पण सांगायचंच नव्हतं. उसव म्हणणाऱ्यानं आता बघावं.

हातभर उसवल्यावर त्यानं कापड उलटवून धरलं. राखेच्या रंगाची, टक्कल पडलेली, फोटोतलीच बाजू. कोपऱ्यात निळ्या बॉलपेननं, लहान पोराच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'संगर्श'. धुताना मल्हारीनं ती जागा जपून कोरडी ठेवली होती. पोराचं नाव आहे, राहू दे आत, असं त्याच्या मनात आलं होतं.

संघर्षशेठनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "पहिलीत होतो," तो म्हणाला. "आजोबांनी कान पिळला होता." मग त्यानं चष्मा पुसला. "सॉरी काका. पण तुम्ही आधीच नीट सांगायला पाहिजे होतं. बरं, आता पटकन शिवून टाका."

म्हणजे चूक पुन्हा मल्हारीचीच.

"शिवायला कड राहिली न्हाई, शेठ."

"मग चिकटवा."

"चिकटवनारा दुसरा बघा." मल्हारीनं शिटाजवळ दोरा कापला आणि पातं कागदात गुंडाळलं. "परीक्षकांनी इचारलं तर सांगा, शिवनाऱ्यावर इश्वास नव्हता, म्हणून उसवून बघितलं."

इनुस त्याची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत आला.

एसटी न्हावऱ्याच्या पुढं आली तेव्हा कंडक्टरनं त्याला दुसऱ्यांदा हटकलं. "आबा, तिकीट. कुठं जायचं?"

"शिरूर," मल्हारी म्हणाला आणि पैशासाठी खिशात हात घालायला गेला. बोट वाकेना. दौंडपासून तो दोरा तसाच गच्च गुंडाळलेला होता, आणि बोटाचं टोक पांढरंफटक पडलं होतं. कंडक्टर थांबून राहिला. मल्हारी दुसऱ्या हातानं एकेक वेढा सोडवू लागला, दोरा तुटू नये अशा बेतानं.