गच्चीवरच्या वाणी

बडनेऱ्याच्या घराच्या गच्चीवर लेकीने शेतातली काळी माती आणून वीतभर थर दिला, तेव्हा शेषरावांनी तिची भरपूर थट्टा केली. लोक शेतातून धान्य घरी आणतात, आमची पोरगी शेतच घेऊन आली, असं ते गावभर सांगत सुटले. प्रियदर्शनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. मातीबरोबर नांदगावच्या शेतातून वाणीही आल्या. वाणी म्हणजे ती तपकिरी, शेकडो पायांची. हात लावला की वेटोळं करून पडते. प्रियदर्शनीचा त्यांच्यावर फार जीव. आईला तिने तो नाद लावला, बापाला मात्र पत्ता लागू दिला नाही. किडीचं नाव काढलं की हा माणूस औषधाचं नाव घ्यायचा.

दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली. शेषरावांनी गच्चीचा जिना चढणंच सोडलं. इंदूबाई मात्र रोज वर जायच्या. मोतीबिंदूने दिसेनासं झालं, तरी वर जाणं चुकलं नाही. ऑपरेशनसाठी अकोल्याला बहिणीकडे निघताना त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "डोये आले का पयले वर जाऊन पाह्यतो. तोपर्यंत गच्चीकडे ध्यान द्या."

ध्यान द्यायचं म्हणून आठव्या दिवशी शेषराव कसेबसे वर चढले. झेंडूची कोवळी रोपं बुडाशी कुरतडलेली होती. मातीवर पडलेलं फुटकं कवेलू, छपराचं जुनं कौल, उचललं, तर खाली वाणीच वाणी. चाळीस वर्षं कपाशी-सोयाबीन पिकवलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? अडगळीतला पाठीवरचा पंप काढून त्यांनी कोपरान् कोपरा फवारला. पोरीची बाग आपल्याही हातून राखली जाते, याचं त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं.

इंदूबाई आल्या त्या थेट जिन्याकडे. काळा चष्मा काढून त्या मातीत बसल्या, कवेलूखालची एक वाणी तळहातावर घेतली. वेटोळं झालेली. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ झाला तेव्हा शेषरावांनी विचारलं, काय पाहून राहिली.

"प्रियूच्या हायेत ह्या. पोरगी म्हने, घाई नाई करा लागत. धीर धरला का वाणी आपोआप उलगडते."

शेषरावांना स्वतःच्या हातांची शिसारी आली. गप्प बसता आलं असतं, पण त्यांच्याने ते झालं नाही.

"इंदू, मी फवारलं."

"मालूम हाय मले. जिन्यातच वास आला."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पुन्हा तळहाताकडे बघू लागल्या. शेषराव त्यांच्या शेजारी खाली बसले आणि त्यांनी आपला हात पुढे केला. इंदूबाईंनी दुसरी एक वाणी उचलून अलगद त्या हातावर ठेवली.

"हात हालवू नका," त्या म्हणाल्या.