बांधाबाहेरचं मशीन

गहू पिकून वाळला होता. ओंबीला हात लावला की दाणे झडत होते, वर आभाळ भरून आलं होतं, आणि आमच्या घरचे दोन शहाणे अंगणात बसून भांडत होते. एक आमचे हे, दुसरे माझे थोरले दीर. कापणीला माणूस मिळेना, म्हणून हार्वेस्टर भाड्यानं आणायचं की विकत घ्यायचं, यावर सकाळपासून दोघांचा घसा बसला होता.

"अरे, चार दिवसांचं काम," दीर म्हणाले. "बाकी वर्षभर त्याच्यात काय कोंबड्या बसवणारेस?"

"आणि भाड्याच्या मशीनची वाट बघत बसलो, तर गहू पाखरं खातील, दादा!"

शेवटी भाडेवाल्याला बोलावलं. तो आधी शेताची वाट बघायला आला. ही वाट दोघा भावांच्या बांधांमधून जाते. वाटण्या झाल्या तेव्हा तिथून गाडी आरामात जायची. मग दर पेरणीला एकानं बांध वाटेत टीचभर सारायचा, की दुसऱ्यानंही सारायचा. आता म्हैससुद्धा अंग चोरून जाते.

भाडेवाला म्हणाला, "मशीन शिरणार नाही. दोघंही बांध दोन-दोन हात मागं घ्या, उद्या कापून देतो."

झालं! भांडणारे भाऊ एकदम एक झाले.

"आमच्या बांधाला बोलणारा तू कोण रे?" दीर कडाडले.

"चल दादा, स्वतःचंच आणू," हे म्हणाले. "मग बघू कोण अडवतंय."

मी म्हटलं, "अहो, विकत घेतलं म्हणून ते बारीक होणारे का?" जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. पण आमचं ऐकतंय कोण? आम्हा दोघींच्या बांगड्या गेल्या, म्हशी गेल्या, वर हप्ते बसले, आणि लालभडक मशीन वाटेच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं. आत काही शिरेना.

"तू बांध मागं घे."

"आधी तू घे, दादा."

आम्ही दोघी फावडी घेऊन गेलो, तर दोघंही अंगावर आले. "बांधाला हात लावाल तर याद राखा!"

भाडेवाला पुन्हा आला. म्हणाला, "नुसतं उभंच आहे, तर मला द्या भाड्यानं." दिलं.

आज आम्ही चौघं विळे घेऊन वाकलोय. कंबर मोडलीय, गार वारा सुटलाय, निम्म्याहून जास्त गहू अजून उभा आहे. जीव नुसता जळतोय. शेजारच्या रानात भाडेवाला आमचंच मशीन फिरवतोय.

दीर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. "बघ धाकल्या, आपलं मशीन कसं झपाझप कापतंय!"

"घेतलं ते बरंच केलं, दादा," आमचे हे म्हणाले.

दोघंही तोंड उघडं टाकून तिकडे बघत राहिले. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. आम्ही विळे खाली ठेवले आणि फावडी उचलली.